देवाच्या दिव्याची तार

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी गिअरबॉक्स नाही. सगळे तीच चूक करतात. मी त्याच्या पाठीला जोडलेला, जुन्या मोटारीतला जुना ओव्हरड्राइव्ह आहे. चौथ्या गिअरमध्ये गाडी पळू लागली, की तारेतून वीज येते, मी टक् करतो आणि इंजिनाचे फेरे कमी करतो. काम एवढेच. पण तेही कुणी सुखाने करू देत नाही.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यात झाला. हिंगणघाटला गाडीचे आताचे मालक आनंदराव यांच्या वडिलांनी मला फार जपले. नागपूरच्या रस्त्याला लागलो, की ते शेजारी बसलेल्या सुनेला, कोकिळाबाईंना, सांगत, "ऐक, टक् वाजलं. आता गाडीले दम नाई लागत." कोकिळाबाईंचे हे मामाजी गेले आणि गाडी टिनाच्या शेडमध्ये पडून राहिली. उंदरांनी माझ्या तारा खाल्ल्या.

यंदा दसऱ्याला गाडी काढायचे ठरले. जवळच्या जाम गावाहून गोपाल वायरमन आला. चौथा गिअर पडल्याशिवाय वीज माझ्यापर्यंत येऊ न देणारे एक छोटे बटण गिअरबॉक्सवर असते. ते त्याने काढून खिशात टाकले.

"हे फालतू हाय, काका. ओव्हरड्राइव्हची तार देवाच्या दिव्याच्या तारेतच जोडून देतो."

"दे. दिवा तेवढा विझला नाई पायजे," आनंदराव म्हणाले.

घ्या! डॅशबोर्डवरच्या देवाचा दिवा किल्ली फिरवली की लागतो. म्हणजे मीही कायम चालू. आणि मी चालू असताना गाडी मागे घेतली, की माझ्या पोटातला, एकाच दिशेने फिरणारा क्लच फुटलाच. तो आता कुठे मिळणार?

दसऱ्याला गाडीचे तोंड भिंतीकडे होते. हळदकुंकू, झेंडूचे हार, चाकांखाली लिंबे, सगळे झाले. आनंदरावांनी किल्ली फिरवली. टक्. त्यांचा हात रिव्हर्सकडे गेला. मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"थांबा जी," कोकिळाबाई म्हणाल्या. "गाडी उभी हाय, मंग टक् काऊन वाजलं? मामाजी असताना गाडी पळाल्यावरच वाजे."

"ते दिव्याच्या तारेवर हाय. आज देवाचा दिवा विझवू का?"

"विझवा. मी निरांजन धरून बसते. पण मामाजीचं मोडू नका."

कोकिळाबाईंनीच दिव्यामागची तार उपसली; दिव्याबरोबर माझीही वीज गेली. निरांजन हातात धरून त्या शेजारी बसल्या, आणि गाडी लिंबे चिरडत मागे आली.

दुसऱ्या दिवशी गोपालने ते बटण जागेवर बसवले. देवाला त्याची तार मिळाली, मला माझी. हार मात्र बॉनेटला आणि कुंकू चाकांना. खाली वाकून माझ्याकडे कुणी पाहिलेही नाही. मित्रांनो, जुन्या यंत्राला फूल वाहिले नाही तरी चालेल. त्यातले काही फालतू म्हणून काढण्याआधी, ते कशासाठी बसवले होते, एवढे विचारा. आणि टक् वाजले तर जरा ऐका. कोकिळाबाईंनी ऐकले, म्हणून मी आज बोलतो आहे.