तीन बंक

शाळा चुकवली की मराठीत दांडी मारतात. पण मास्तरणीच्या वर्गात दांडी कुणीच मारत नसे, सगळे बंक मारत. इंग्रजी शब्द वापरला की लबाडीसुद्धा जरा इस्त्री केल्यासारखी वाटते.

मास्तरीण हे नववीतल्या एका पोरीचं घरातलं नाव. वडील सुतार, त्यांचं इंग्रजी अक्षरं जुळवण्यापुरतं. त्यामुळे घरात येणारा प्रत्येक इंग्रजी कागद आणि मेसेज वाचायचं काम तिच्याकडे, आणि त्याचा तिला भारी तोरा.

मंगळवारी शाळेचा मेसेज आला तेव्हा बाबा रंधा मारत होते. हातावरचा भुसा झटकून त्यांनी एक शब्द स्वतःच लावला.

"बी, यू, एन, के... बंक! अगं, हे तर आपल्याच धंद्यातलं. दुमजली पलंग. शाळेला हवेत की काय?"

तुमच्या मुलीने गणिताचे तीन तास बंक केले, येऊन भेटा, असा तो मेसेज होता.  मास्तरणीने होकारार्थी मान हलवली. "तीन," ती म्हणाली. "भेटायला बोलावलंय."

दोन दिवसांत काहीतरी सुचेल, असं तिला वाटलं होतं. बाबा दुसऱ्याच सकाळी शाळेत जाऊन धडकले.

शिपायाने तिला ऑफिसात बोलावून नेलं. बाबा ठेवणीतला शर्ट घालून उभे होते. टेबलावर त्यांनी पेन्सिलीने काढलेलं चित्र होतं.

"वरच्या पलंगाला कठडा उंच ठेवतो, बाई," ते वर्गशिक्षिकेला सांगत होते. "पोरं झोपेत लोळतात. पडायला नकोत."

बाई गोंधळून बघत राहिल्या. आधी क्लार्कच्या लक्षात आलं आणि तो खो-खो हसत सुटला.

"अहो, बंक म्हणजे दांडी," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी तीन तास जिन्याखाली बसून होती."

मास्तरणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी चित्राची घडी घातली.

"हिनं बरोबर वाचलं होतं, बाई. मीच उतावळा, नीट ऐकून घेतलं नाही," असं म्हणून तेही क्लार्कबरोबर थोडं हसले. त्यापेक्षा त्यांनी चारचौघांत एक ठेवून दिली असती तर परवडलं असतं, असं तिला वाटलं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, चुकलं माझं."

"गणिताचं बघू. जमत नसेल तर शिकवणी लावू." ते फाटकापाशी थांबले. "गेल्या महिन्यात आईचा तपासणीचा रिपोर्ट तूच वाचलास. काळजीचं काही नाही म्हणालीस."

"तसंच लिहिलं होतं, बाबा! शप्पथ!"

"असेल," ते म्हणाले. "तरी डॉक्टरांना विचारून येतो."

तिला वर्गात जायला सांगून ते एकटेच दवाखान्याकडे निघाले.