कासवाला झाली पिल्लं

बायको जनावरांची डॉक्टर असली की संध्याकाळी नवऱ्याच्या वाट्याला काय येतं? घंटा! दवाखाना बंद करून ती घरी यायची आणि जेवण थंड होईपर्यंत मालकांना फोन करत बसायची. “हो, शेपूट हलवतोय. हो, औषध घेतलं.” समोरच्या नवऱ्याने औषध घेतलं का, हे कोण विचारणार? नवरा प्रोग्रामर. एकदा तो वैतागलाच. “मी वेबसाइट करतो. मालकांनी आपापल्या जनावराचं पान उघडावं, तब्येत वाचावी. तू फोन ठेव.”

“बघू,” ती म्हणाली. “गोंधळ झाला तर फोन चालूच राहणार हं.”

काम पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेत, कारण त्याला तीच येत होती. पानांचे साचे कशात करायचे, यात मात्र बायकोच्या धाकट्या भावाने नाक खुपसलं. तोही प्रोग्रामर, म्हणजे बोलायलाच नको.

“भावोजी, मेसन घ्या. पानातच पर्ल लिहिता येतं.”

“म्हणूनच नको! तू पानात अख्खा संसार मांडशील. टेम्प्लेट टूलकिट घ्यायचं. पान वेगळं, प्रोग्राम वेगळा.”

दोघांची अशी जुंपली की बायको कानात बोटं घालून आत गेली. शेवटी भावोजी जिंकले, आणि जिंकल्याच्या तोऱ्यात दवाखान्याच्या सर्व्हरवर नीट तपासायचं राहूनच गेलं.

घरच्या सर्व्हरवर दर पानाला प्रोग्राम नव्याने सुरू व्हायचा आणि पान देऊन संपायचा. दवाखान्याच्या सर्व्हरवर वेग हवा म्हणून त्याने तो कायम जागा ठेवला. आणि या शहाण्याने ‘तब्येत’ हा व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा डबा, अगदी वर, सगळ्यांना मिळून एकच ठेवलेला! डॉक्टरने एखाद्याची तब्येत अजून लिहिली नसली, की आधीच्या जनावराची तिथेच चिकटून राहायची.

सकाळी कासवाचा मालक धापा टाकत आला. त्याच्या पानावर लिहिलं होतं की पिल्लं झाली, सगळी अंगावर पिताहेत. व्याली होती शेजारच्या पिंजऱ्यातली कुत्री. मेहुणा हसून हसून बेजार. “काही म्हणा भावोजी, पान मात्र देखणं आलंय.”

मग एका मांजराचा मालक, कुलूपवाला, आला. दाराएवढा माणूस, हातात रिकामी टोपली, डोळे लाल. पानावर वाचलं म्हणे, मांजर गेलं. गेला होता ससा. डॉक्टर धावत आतून मांजर घेऊन आली. मांजराने कडकडून चावा घेतला, तेव्हा कुठे कुलूपवाल्याचा विश्वास बसला. नवरा जीव मुठीत धरून उभा होता. त्या माणसाने त्यालाच मिठी मारली आणि रडून त्याचा शर्ट भिजवला.

सशाच्या मालकिणीनेही ससा गेल्याचं पानावरच वाचलं होतं. ती मात्र आलीच नाही.

चूक लगेच सापडली. व्हेरिएबल आत नेला, दर वेळी कोरा घ्यायची सोय केली. पण नवऱ्याचं तोंड उतरलं होतं. “हरलो बाई. कर तू फोन.”

“साइट राहू दे,” बायको म्हणाली. “फक्त गेल्याची बातमी त्यावर नको. ती मी सांगत जाईन.”

“आणि बाकीचे?”

“बाकीचे बरे होतात रे. बहुतेक सगळे बरेच होतात.”

त्या संध्याकाळी एकच फोन होता, सशाच्या मालकिणीला. बायकोने माफी मागितली. फोन ठेवून ती तशीच बसून राहिली, डोळे पुसत. नवरा जवळ सरकून बसला. इतकी वर्षं अशा फोननंतर तो आतल्या खोलीत गाल फुगवून बसलेला असायचा.