गौतमी मॅडमचे पाच अक्षरी शब्द

"मामा, खरं सांगा. हा शब्द कुणी दिला तुम्हाला?"

हेडसर बापूसाहेब व्हरांड्यातल्या फळ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे होते. शेजारी इंग्रजीच्या नव्या अंकिता मॅडम, हातात मोबाइल. आणि शाळेचा शिपाई भैरूमामा डस्टर छातीशी धरून खाली बघत होता.

"कुणी न्हाई दिला, सर. हातातनं उतरला."

"उतरला? ते काय अंगातलं वारं आहे उतरायला?"

अंकिता मॅडम हळूच म्हणाल्या, "सर, मलाही माहीत नव्हता हा 'वाइट' शब्द. डिक्शनरीत बघितला. फार जुना आहे. अर्थ, जिवंत जीव. पूर्वी भुतालाही म्हणायचे."

भैरू चौथी नापास. एबीसीडी म्हणायला सांगितली तर 'जी'पर्यंत जाता जाता त्याला धाप लागायची. तरी शिरूरच्या त्या शाळेतला 'आजचा शब्द'चा फळा चौदा वर्षं त्याच्याच हातचा. गौतमी मॅडम दौंडहून सकाळच्या एसटीनं यायच्या, चिठ्ठी द्यायच्या, आणि हा बाबा तो शब्द रांगोळी काढावी तसा खडूनं काढायचा. गिरवून गिरवून मॅडमचंच वळण त्याच्या हाताला बसलं होतं. चिठ्ठी आणि फळा यांत फरक शोधून दाखवावा कुणी!

दिवाळीच्या सुट्टीनंतर मॅडमनी नवा खेळ काढला. रोज एक शब्द, पाचच अक्षरांचा, आणि त्याच्या शेवटी जी, एच, टी आलेच पाहिजेत.

"मामा, ही जी आणि एच बघा," मॅडम म्हणाल्या होत्या. "शब्दात बसतात, पण तोंड उघडत नाहीत."

"आमच्या घरी मी बसतो तसं," भैरू म्हणाला, आणि मॅडम खूप हसल्या.

लाइट, नाइट, राइट, फाइट. चार दिवस, चार चिठ्ठ्या. पाचव्या दिवशी मॅडमना ताप भरला आणि आठवड्याच्या आत मॅडम गेल्या. चाळिशीतली हसती-बोलती बाई! मरणाला कसली एवढी घाई असते, कोण जाणे.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी भैरूनं फळा पुसला, तारीख घातली, आणि खडू थांबलाच नाही. मनगटापासून पुढं हात गारठून गेला, रांजणात बुडवावा तसा. फळ्यावर शब्द उमटला, साइट. दुसऱ्या दिवशी माइट. मग टाइट, मग एट. पोरं वहीत उतरवत राहिली. अंकिता मॅडमना वाटलं, हेडसर शब्द देतात. हेडसरांना वाटलं, अंकिता मॅडम. भैरूनं कुणाला सांगितलं नाही. त्याला भीती वाटत होती हे खरं, पण त्याहून जास्त बरं वाटत होतं. मॅडम कामावर आल्यात, एवढंच त्याला कळत होतं.

आज मात्र बिंग फुटलं.

"मॅडमनी केलेली या शब्दांची यादी त्यांच्या कपाटात आहे," हेडसर म्हणाले. "कपाटाला कुलूप, किल्ली दौंडला त्यांच्या आईकडं. आणि त्याच कपाटात चाचणीचे पेपर आहेत, मामा! तुम्ही कुलूप काढलंय."

"आईच्यान न्हाई, सर."

"हे बघा. यादी काढली, चूक झाली, असं लिहून द्या. मी प्रकरण इथंच मिटवतो, फळाही तुमच्याकडंच ठेवतो. नाहीतर उद्या किल्ली मागवतो. काही हललेलं दिसलं तर नोकरी गेली समजा."

संध्याकाळी भैरूनं बायकोला सगळं सांगितलं. नकुशी भाकरी थापता थापता थांबली.

"बाईंचं काम अर्धं ऱ्हायलंय. ते करून घेत्यात तुमच्याकडनं," ती म्हणाली. "कपाट उघडलं, यादी लोकांच्या हाती गेली, की कशाला येतील त्या?"

"मग काय चोर म्हणवून घेऊ?"

"ते मी कसं सांगू?"

रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर झाला. चौदा वर्षांत शाळेचा खडूचा तुकडा घरी नेला नव्हता त्यानं. सकाळी हेडसरांपुढं उभं राहून म्हणाला, "उघडा, सर. कर न्हाई त्याला डर कशाला."

दुपारी ताईबाई, मॅडमची आई, दौंडहून किल्ली घेऊन आली. कुलपावर कोळ्यानं जाळं विणलं होतं, ते तिनं पदरानं पुसलं. आत पेपरांच्या गठ्ठ्याचं सील जसंच्या तसं. वर मॅडमची यादी. हेडसर वाचायला लागले. साइट, माइट, टाइट, एट, आणि मग तो जुना शब्द. फळ्यावर आले त्याच क्रमानं. हेडसरांनी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचली. अंकिता मॅडमनी कागद घेऊन एकेक शब्द बोटानं मोजला.

"मामा, माफ करा मला," हेडसर पुटपुटले.

ताईबाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती केव्हाच व्हरांड्यात गेली होती. फळ्यावर कालचाच शब्द होता, आज कुणी पुसलाच नव्हता. तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं, खडू पुसू न देता, वरच्या वर.

"माझ्या गौतमीचं हाय हे," ती भैरूला म्हणाली. "पाटीवर बी असंच काढायची. उद्या लिव्हता का पुन्हा?"

"व्हय, मावशी. लिव्हतो की."

म्हातारी त्यासाठी शिरूरला भाचीकडं राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच ती फळ्यासमोर येऊन बसली. यादीत एकच शब्द उरला होता, ऑट, म्हणजे करायलाच हवं ते. हेडसरांनी स्वतः यादी भैरूच्या हातात दिली. त्यानं फळा पुसला, तारीख घातली आणि वाट पाहिली. हात उबदार होता, मॅडम होत्या तेव्हासारखा. मग कागदाकडं बघून बघून, एकेक रेघ मोजून मापून, त्यानं पाच अक्षरं काढली. एक मोठं, एक बारकं, शेवटचं कलंडलेलं. हाताला बसलेलं मॅडमचं वळण मॅडमबरोबरच गेलं होतं, उरलं होतं चौथी नापास माणसाचं अक्षर.

ताईबाई उठली, बोट अक्षरांपर्यंत नेलं आणि मागं घेतलं.

"आज न्हाई आली व्हय ती?"

"न्हाई, मावशी," भैरू म्हणाला, आणि घंटा द्यायला गेला.