अर्धी ओळ

ऑर्केस्ट्रात दोन व्हायोलिनवाल्यांना मिळून एकच स्टँड असतो. श्रोत्यांच्या बाजूला बसते ती वाजवत राहते, आतल्या बाजूला बसते ती पान उलटते. मी अठ्ठावीस वर्षं आत बसले. बाहेर माझी चिनी जोडीदारीण, म्वी हून.

माझे यजमान कमलाकर यांच्या बँकेनं आम्हाला सिंगापूरला आणलं, तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. दोन वर्षांनी ऑर्केस्ट्रात जागा निघाली. परीक्षा पडद्याआडून झाली. चपलांच्या आवाजावरून बाई की पुरुष ते कळू नये म्हणून सगळ्यांना अनवाणीच आत सोडलं होतं. कोण वाजवतंय ते न बघता त्यांनी मला घेतलं, याचा मला अजून अभिमान वाटतो. दादरला गेले की जाऊबाई विचारायच्या, "एवढ्या घोळक्यात तू दिसतेस तरी कुठे गं?" मी म्हणायची, "दिसत नाही, ऐकू येते."

पण एक जागा अशी होती, जिथे मी ऐकूही येत नव्हते. एका सिंफनीच्या संथ भागात मुख्य सूर एकदाच सेकंड व्हायोलिनकडे, म्हणजे आमच्या गटाकडे येतो, तोही नेमका पान संपताना. ती शेवटची अर्धी ओळ सुरू झाली की मी गज मांडीवर ठेवून पानाचा कोपरा धरायची. म्वी हून वाजवायची, माझ्यापासून हातभर अंतरावर. निवृत्त होईपर्यंत ती अर्धी ओळ मी एकदाही वाजवली नाही. घरी वाजवून पाहिली, पण भोवती ऑर्केस्ट्रा नसताना ती नुसती चार-पाच सुरांची ओळ होते.

परवा म्वी हूनचा फोन आला. बेडोकच्या कम्युनिटी क्लबात हौशी लोकांचा छोटा ऑर्केस्ट्रा आहे, तीच सिंफनी बसवतायत, सेकंड व्हायोलिनला आपण दोघीच.

"माझी बोटं सुजतात आता," ती म्हणाली. "तू बाहेर बस. ती ओळ तुझी, लाह." इथे वाक्याच्या शेवटी हे ‘लाह’ जोडतातच.

नात आर्या हसली. "आजी, अर्ध्या ओळीसाठी बुकित बातोकहून बेडोक? सो फार लाह!"

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, व्हायोलिन मांडीवर घेऊन बसले. परीक्षेला जाताना केलं होतं तसं पेटीवरच डाव्या बोटांनी ती ओळ वाजवत राहिले.

मी बाहेरच्या खुर्चीवर बसले. संथ भाग सुरू झाला. नजर पानावर खाली खाली सरकत गेली, ती ओळ आली, आणि माझा गज आपोआप मांडीवर गेला. हात पानाकडे. तिथे म्वी हूनचा हात आधीच होता. दोघींची बोटं कोपऱ्यावर आपटली आणि सूर ज्या जागी यायचा तिथे काहीच आलं नाही.

समोर छडीनं ताल देणारे संचालक थांबले. "सेकंड व्हायोलिन? आहात ना?"

"दोघी पान उलटतोय," म्वी हून म्हणाली. सगळे हसले. तिनं माझ्या मनगटावर चापट मारली. "तुझा हात आवर."

पुन्हा सुरू केलं. या वेळी मी वाजवलं. करंगळी थोडी घसरली, पण वाजवलं, शेवटच्या सुरापर्यंत. म्वी हूननं पान उलटलं.

तालीम संपल्यावर ती व्हायोलिन पेटीत न ठेवता तशीच बसून राहिली. "असं ऐकू येतं होय? मी नेहमी मात्रा मोजतच असायची. आज पहिल्यांदा ऐकलं."

आज मोजत होते मी. बोट, गज, पुढची जागा. सूर वाजून गेला, आणि माझ्या कानांना हवा होता तो इतकी वर्षं तिच्या बाजूनं येणारा सूर.

"पुढच्या शनिवारी तू बाहेर बस," मी म्हणाले.

तिनं सुजलेली बोटं मिटली, उघडली. "मला आता सावकाशच वाजवता येईल."

"चालेल. मी पान हळू उलटीन."

"संचालक ओरडतील."

"ओरडू देत," मी म्हणाले, आणि माझी पिशवी आतल्या खुर्चीखाली ठेवली.