भिंतीला वळण

ताई भावाच्या घरात शिरली तेव्हा तिच्या एका हातात ड्रिल मशीन होतं आणि दुसऱ्या हाताला धरलेली लेक. लेकीचा खांदा अजून पट्ट्यात बांधलेला.

भाऊ रंगारी. त्याच्या बैठकीची भिंत अशी गुळगुळीत की माशी बसली तर घसरून पडावी. तिला भोक नको म्हणून खणांचं उंच कपाट त्याने नुसतंच टेकवून ठेवलं होतं. त्यावर टीव्ही, आणि मुलांच्या हाती लागू नये म्हणून टीव्हीमागे रिमोट. गेल्या महिन्यात लेकीने खालचे खण पायऱ्यांसारखे ओढले आणि रिमोटसाठी वर चढली. कपाट टीव्हीसकट तिच्या अंगावर आलं.

तेही ताईने गिळलं असतं. पण दवाखान्यात पोर कण्हत असताना भाऊ म्हणाला होता, "पोरीला वळण नाही तुझ्या." तो शब्द तिच्या घशात काट्यासारखा रुतला होता.

कपाट पुन्हा तसंच टेकवलेलं होतं. आता त्याचाच मुलगा चालायला लागला होता आणि दिसेल त्या खणाला लटकत होता. काल भावजयीचा फोन आला. "ताई, माझा जीव थाऱ्यावर नाही. ह्यांना मात्र भिंत प्यारी."

क्षणभर ताईच्या मनात आलं, पडू दे. कळू दे त्यालाही. मग तिला स्वतःचीच किळस आली, पण राग तसूभर कमी झाला नाही.

"भिंतीला हात लावायचा नाही," भाऊ आडवा आला.

"हात कुठे लावतेय? वळण लावतेय."

ड्रिल घुरघुरलं. पांढरी भुकटी फरशीवर सांडली. दाढ उपटून घेत असल्यासारखं तोंड करून भाऊ बघत राहिला. कपाटाच्या माथ्याला लोखंडी पट्ट्या बसल्या, टीव्ही भिंतीला जखडला गेला. स्क्रू पिळताना ताई पुटपुटत होती, "हे एक वळण. हे आणखी एक." लेक खुदकन हसली. रिमोट ताईने बसक्या स्टुलावर ठेवला.

मग भिंतीच्या मधोमध, जिथे कशाचीच गरज नव्हती तिथे, तिने आणखी एक भोक पाडलं.

"हे कशाला?"

"हे माझ्या पोरीचं."

भाऊ ते बुजवायला पुट्टीचा डबा घेऊन आला. तेवढ्यात बाळाने खालचा खण ओढला, त्यात पाय रोवला आणि वरच्या खणाला लोंबकळला. कपाट कुरकुरलं. पट्ट्या ताणल्या गेल्या. भावाच्या हातून डबा निसटला.

कपाट जागचं हललं नाही.

"उचल त्याला. पट्ट्या आहेत म्हणून चढू द्यायचं नसतं," ताई म्हणाली. "आणि आता म्हण ना, वळण नाही म्हणून."

भावाने बाळाला छातीशी धरलं. मग तो भाचीसमोर उकिडवा बसला. "बाळा, ते मधलं भोक बुजवू का?"

लेकीने आईकडे पाहिलं. आई ड्रिलची वायर गुंडाळत होती. लेक भिंतीपाशी गेली, चवड्यांवर उभी राहिली आणि चांगल्या हाताचं बोट भोकात घालून पाहिलं.

"नको," ती म्हणाली.