गोदावरी कधी गेली?

जीप दारात थांबली तेव्हाच मला वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय. पुण्याची माणसं उगाच आष्ट्याला येत नाहीत.

जीपमधून ऋचा नावाची पोरगी उतरली. म्हणाली, देशातल्या सिनेमाचा सगळा इतिहास आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरतोय, जुन्या फोटोंसकट. पुढं सीडी निघेल, मग कुणालाही बघता येईल.

कुणालाही!

आमचे मालक हंबीरराव, सुभेदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी पेपर खाली ठेवला. "मग आमच्याकडं काय काम?"

"शालूबाई मूळच्या वाईच्या ना? त्यांच्या आळीतली ही मुलगी त्या ओळखतील असं वाटलं."

तिनं फोटो पुढं केला. कृष्णेच्या घाटावर कळशी घेऊन उभी असलेली चौदा वर्षांची पोर.

मीच ती. साठ साली वाईला शूटिंग आलं आणि वडिलांनी हौसेनं मला तीन दिवस पाण्यात उभं केलं. दोन वर्षांनी हे स्थळ आलं, तेव्हा त्यांनीच देवासमोर बजावलं, सिनेमाचा स सुद्धा काढायचा नाही. मालकांनी ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, शालू. छत्तीस वर्षं मी तोंड शिवून बसलेय. टीव्हीवर नटी दिसली की मालक काय बोलतात, ते रोज ऐकते.

"न्हाई वळखत," मी म्हणाले.

मालक फोटोकडं बघत होते, मग माझ्याकडं बघायला लागले. मी पदर पुढं ओढला. ही पोरगी भोळी आहे की माझ्यावर डाव टाकतेय, तेच कळेना.

"हरकत नाही," ऋचा म्हणाली. "वाईत सयाजीरावांनी थोडं सांगितलंय." आणि तिनं कागदावरचं वाचलं. "गोदावरी. घाटावरची मुलगी. मृत्यू, एकोणीसशे बासष्ट."

सयाजी माझा सख्खा भाऊ! "काय म्हनला त्यो?"

"म्हणाले, गोदा होय? ती बासष्ट सालीच गेली."

मेल्यानं झाकायला मुद्दाम तसं सांगितलं, की या शहाणीला मराठी कळत नाही, देव जाणे.

"बरूबर हाय," मालक एकदम म्हणाले. कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "बासष्टलाच गेली. ऱ्हाऊ द्या तसंच."

म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. मी गप्प बसले असते तर सुटले असते. घराची अब्रूही राहिली असती. पण नवऱ्याच्या तोंडून स्वतःचं मरण ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं.

"खोड गं पोरी ते," मी म्हणाले. "गोदावरी मीच. बासष्ट साली माजं लगीन झालं. गेली म्हंजी नांदायला गेली."

"शालू!" मालक ओरडले.

"आवं, ती बी हितंच हाय. आदी गोदावरीचं लिवून हुंदे, मग तिला काय बोलायचं ते बोला."