भुवई आधी की ओठ

चंद्रभानकाकांनी तिसऱ्यांदा जीवनचं तोंड पुसलं, तेव्हा त्याचे गाल लालबुंद झाले होते. नाटकाला पाऊण तास उरला होता.

"काका, चामडं सोलायलाव का माझं?"

"गप बस. बोलला की गाल हालतो."

ताडकळसच्या जत्रेतल्या नाटकांना काकांनी चाळीस वर्षं रंग लावला. उस्तादानं शिकवलेलं एकच त्यांना ठाऊक होतं. पुरुषपात्र भुवईपासून धरायचं, स्त्रीपात्र ओठांपासून. पहिली रेघ नीट पडली की बाकीचा चेहरा तिच्यामागं आपसूक येतो. पण आज, परभणीच्या स्पर्धेत, जीवन वाटाड्या होणार होता, आणि हा वाटाड्या बाईही नव्हता, गडीही नव्हता. भुवईपासून धरला तर हवालदार उमटला. ओठांपासून धरला तर नाचणारीण. मग नाकावरून उभी रेघ ओढून अर्धा इकडं, अर्धा तिकडं केला, तर जत्रेतला अर्धनारीनटेश्वर!

नाटक बसवणारी राजेश्री शाळेत शिकवायची. ती दारात येऊन उभी राहिली.

"काका, पुरात अडकलेलं गाव याच्या भरवशावर नदीत उतरतंय. हा आल्या आल्या लोक हसले, तर नाटक तिथंच बुडालं."

"ठावं हाय मला."

नांदेडहून मेकपवाला आणा म्हणून अख्खं मंडळ तिच्या मागं लागलं होतं. तिनं कुणाचं ऐकलं नव्हतं. काकांना तिचा हाच भरवसा लय टोचत होता. ते बाहेर गेले, पाणी प्याले, परत आले. ब्रश उचलला, ठेवला. डबी उघडली, झाकली. घंटेचा माणूस दोनदा डोकावून गेला.

जीवन डोळे मिटून आपली वाक्यं पुटपुटत होता. कंठ वरखाली होत होता. काका बघत राहिले. गळ्याला रंग ते नेहमी शेवटी लावत, स्पंजावर उरलेला, कसाबसा.

"मान वर कर."

त्यांनी गळ्यापासून धरलं. कंठाच्या दोन्ही बाजूंना इतका हलका रंग दिला की कंठ दिसेना आणि लपेनाही. तिथून जबड्याची कड मऊ केली. भुवयांना हात लावला नाही. वरच्या पापणीला काजळाचं एक बोट. ओठांना नुसतं खोबरेल. बोटं अजून शिवशिवत होती, तरी त्यांनी डबी बंद केली.

"एवढंच?" राजेश्रीनं विचारलं.

"एवढंच."

तिला आणखी काही बोलायचं होतं, पण घंटा झाली.

काका पडद्याआड कान देऊन उभे राहिले. जीवन मंचावर गेला. पुढच्याच रांगेत कुणीतरी खुसपुसलं, "बाई हाय का गडी?" काकांनी पडद्याच्या फटीला डोळा लावला. आता हसतील.

"गप की रं, ऐकू दे," शेजारचा म्हणाला.

वाटाड्यानं मान वळवली आणि मंचावरच्या गावकऱ्यांसमोर हात पुढं केला. सगळं नाट्यगृह गप्प होतं. त्या गप्पपणात काकांना दिसलं, की जीवनचा डावा कान कोराच राहिलाय. स्पंज घेऊन ते पुढं सरकले, तशी राजेश्रीनं त्यांची बाही धरली.

"कुठं चाललाव? कान कोण बघायलंय?"

काकांनी फटीतून प्रेक्षकांकडं बघितलं. एकेका रांगेवरून नजर फिरवली. कानाकडं कुणाचंच ध्यान नव्हतं. तरी त्यांना ते खरं वाटेना, म्हणून पहिल्या रांगेपासून त्यांनी पुन्हा बघायला सुरुवात केली.